एक तुरा राहू दे

आमच्या गावात घरमुळी प्रत्येक घरावर होती आणि तिचं फूल मात्र कुणीच पाहिलेलं नव्हतं.

घरमुळी म्हणजे जाड, रसाळ पानांचं बुटकं रोप. पानं एकात एक बसून त्यांचा गड्डा होतो, आणि असे पाच-पन्नास गड्डे छपराला चिकटून राहतात. अर्धं वर्ष बर्फाखाली काढतात, बर्फ सरला की पुन्हा जसेच्या तसे. छपरावर घरमुळी असली की घरावर वीज पडत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. आणि तिला तुरा येऊन तो फुलला, की त्या घरातलं एक माणूस जातं, असंही तेच लोक म्हणतात. म्हणून उन्हाळा लागला आणि एखाद्या गड्ड्यातून केसाळ तुरा वर डोकवायला लागला, की घरची बाई शिडी लावते आणि तो वीतभर व्हायच्या आत मोडून कोंबड्यांपुढे टाकते. सासूने मोडला, मग सुनेने मोडला. फूल कुठल्या रंगाचं असतं हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.

मी कासियन, गावच्या चर्चचा घंटावाला. डोंगरावर ढग काळवंडले की मनोऱ्यात चढून वादळाची घंटा वाजवायची, हे माझं काम. त्या आवाजाने वीज दुसरीकडे वळते आणि गारा फुटून त्यांचं पाणी होतं. हे माझ्या आधीचे घंटावाले सांगत आले आणि मीही सांगतो. तेव्हा घरमुळीबद्दल माझं मत काय असणार ते उघड आहे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

यावरून माझं आणि माझ्या वहिनीचं आयुष्यभर जुंपलेलं असायचं. तिचं नाव फिलोमेना, पण सगळे मेना म्हणायचे. लेनरांच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, घरची मालकीण. दर रविवारी प्रार्थना आटोपली की मी तिच्याकडे जेवायला, आणि जेवायच्या आधी आमचं हे ठरलेलं.

"कासियन, तुझ्या घंटेने वीज पळत नाही, माझ्या गाई पळतात."

"आणि तुझ्या त्या छपरावरच्या कोबीने कुठली वीज पळते गं?"

"या घरावर पडली कधी? नाही ना? मग?"

"चर्चवर तरी कुठे पडलीय?"

"पडली की! माझ्या लग्नाच्या आदल्या साली. मनोऱ्यावरचा वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा खाली आला होता. मी पलीकडून डोळ्यांनी बघितलंय."

यावर मी मुकाट्याने ताकाचा पेला तोंडाला लावायचो. कोंबडा पडला होता हे खरं होतं.

पलीकडून म्हणजे दरीच्या उन्हाच्या अंगाकडून. आम्ही सावलीच्या अंगाचे. हिवाळ्यात आमचा सूर्य डोंगरामागे जातो तो फेब्रुवारीतला मेणबत्त्यांचा सण आल्याशिवाय तोंड दाखवत नाही. उन्हाकडचे लोक आमच्याकडे मुलगी द्यायला नाक मुरडतात, आणि तशी आली तर ती पहिल्या हिवाळ्यात रडते असं समजतात. मेना रडली नाही. तिने माझ्या भावाला, रोमेडला, जनावरांच्या बाजारात पाहिलं होतं. तो तासभर एका वासराशेजारी गप्प उभा होता म्हणे, आणि तिला वाटलं, हा माणूस बरा आहे. आमच्याकडे शेत वाटत नाहीत. थोरला म्हणून रोमेडला घर, गाई आणि जंगल मिळालं, धाकटा म्हणून मला घंटेचा दोर मिळाला. मेनाच्या हातचं जेवायला मिळालं, तेव्हा ही वाटणी मला तितकीशी वाईट वाटेनाशी झाली.

लग्न होऊन ती आली तेव्हा तिच्या आईने लाकडी वाडग्यात घरमुळीची पिल्लं दिली होती. मोठ्या गड्ड्याच्या कडेने बारीक दोऱ्यावर लोंबणारे गोळे असतात, ती पिल्लं. घरमुळी विकत घ्यायची नसते, मागायचीही नसते. कुणी दिली तर आभार मानायचे नसतात, नाहीतर ती रुसते. आमच्या आईने वाडग्यात पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या छपरावर आहे एक. दुसरी कशाला?"

मेना म्हणाली, "तुमची तुमच्या घरावर राहू दे, आई. माझी मी भट्टीवर लावते."

अंगणात आमची पावाची भट्टी आहे, दगडी, वेगळ्या बुटक्या छपराची. मेनाने मूठभर शेण आणि माती कालवून त्या छपराच्या कडेला थापली, पिल्लं त्यात दाबली आणि हात झटकले. पुढे मोठ्या घराची लाकडी कौलं काढून पत्रा घातला, विमावाल्यांनी वीज जमिनीत उतरवायची पट्टी बसवली, आणि त्या गडबडीत आईची घरमुळी अंगणात पडून वाळली. मेनाची भट्टीवर राहिली. आई त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त दर उन्हाळ्यात भट्टीसमोर येऊन काठी टेकून उभी राहायची, सुनेने सगळे तुरे मोडलेत की नाही ते बघायला. स्वतः आई एकदा तुरे मोडायला चढून शिडीवरून पडली होती आणि तेव्हापासून कंबरेत वाकली होती.

मेनाची घरमुळी अशी फोफावली की भट्टीचं छप्पर दिसेना. तिथून पिल्लं गडगडत खाली आली आणि बागेच्या दगडी कुंपणात, पायरीच्या फटीत, फुटक्या बुटात रुजली. बाकीच्या बायका विचारायच्या, काय घालतेस तिला? मेना म्हणायची, "काही नाही. विसरून जाते." हे खरं होतं. घरमुळीला खत दिलं की ती सुजते, पाणी दिलं की कुजते. बाकी बागेत मेना दिवसभर ओणवी असायची, कांद्याला, लेट्यूसला, बीटाला जपायची, आणि घरमुळीकडे मात्र ढुंकून बघायची नाही. लागेल तेव्हा एक पान तोडायची. भट्टीत हात भाजला की त्याचा रस लावायची, कुणाचा कान दुखला की दोन थेंब कानात. मलाही घातलेत. कान दुखायचा थांबला, पण घंटेपुढे मी ते कबूल करत नाही.

एकदा उन्हाळ्यात शहरातली एक पाहुणी बाई आली. कुंपणापाशी थांबली आणि विचारलं, "केवढ्याला?"

"विकायची नाही," मेना म्हणाली.

"मग एक अशीच द्याल?"

"मागितली की देता येत नाही."

"मग ती मिळते तरी कशी?"

मेनाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मी आता दूध तापवायला आत जातेय. बराच वेळ लागेल मला." आणि दार लावून आत गेली. ती बाई बिचारी कुंपणापाशी वाट बघत उभी राहिली, आणि दूध तापल्यावर हात हलवत परत गेली. मेना हे वर्षानुवर्षं सांगायची. "इतका प्रामाणिकपणा बरा नव्हे रे. एक पिल्लू उचलायचं सुचू नये?"

मेना अशी होती. तोंडाने तिखट, हाताने सढळ, आणि एकदा नाही म्हणाली की नाही.

मग ते वर्ष आलं. बर्फ वितळायच्या सुमाराला रोमेड खोकायला लागला आणि थांबलाच नाही. खालच्या शहरात दवाखान्यात राहून आला. डॉक्टरांनी मेनाला बाजूला घेऊन सांगितलं, की आता त्याला घरीच बरं वाटेल. एवढं सांगितल्यावर बाकीचं समजायला काही लागत नाही. त्यांचा मुलगा उर्बान गुरं घेऊन वरच्या कुरणात गेला होता, तो शरद लागल्याशिवाय उतरणार नव्हता. मेनाने पलंग शेगडीच्या उबेच्या खोलीत, खिडकीशी आणून लावला. खिडकीतून अंगण दिसायचं, आणि अंगणात भट्टी.

त्या वर्षी घरमुळीला काय झालं होतं कोण जाणे. एरवी दोन-चार तुरे यायचे. त्या वर्षी सगळ्या छपरावर तुरे उठले. मेना पहाटे दूध काढायच्या आधी शिडी लावायची आणि रोमेड जागा व्हायच्या आत एप्रन भरून तुरे मोडून आणायची. दुसऱ्या दिवशी आणखी असायचे. मी चेष्टा करायला गेलो होतो, पण तिचा चेहरा पाहिला आणि परत फिरलो.

एका रविवारी ती चर्चमध्ये मागे राहिली, आणि मी एकटाच पुढे येऊन रोमेडशेजारी बसलो. तो खिडकीबाहेर बघत होता.

"कासियन, ती पहाटे शिडी लावते ना?"

"मला काय माहीत."

"तुला माहीत आहे. मी जागा असतो. डोळे मिटून पडतो, तिला बरं वाटावं म्हणून." खोकला आला, तो जाईपर्यंत थांबला. "तिला सांग, एक तुरा राहू दे."

"कशाला?"

"बघायचाय. साठ-बासष्ट वर्षं या अंगणात काढली मी. आईने मोडला, हिने मोडला. तुला कधी वाटलं नाही, कसा दिसत असेल?"

मी म्हणालो, "मला घंटेचं बघायचं असतं." पण तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी म्हणालो, बरं, सांगतो.

सांगायला मला तीन-चार दिवस लागले. मेना बागेत गाजरं विरळत होती. मी आधी हवापाण्याचं बोललो, मग गाजरांचं, मग एकदम म्हणालो, "रोमेडला तुरा फुललेला बघायचाय."

तिने हातातली गाजरं खाली ठेवली नाहीत. "तो म्हणाला?"

"तोच म्हणाला. आणि हे बघ मेना, तू शहाणी बाई आहेस. फुलाने माणूस मरत असता तर—"

"कासियन, मी काय खुळी आहे? फुलाने माणूस मरत नाही हे मला कळत नाही? आणि तो जाणार आहे हे मला ठाऊक नाही असं वाटतं तुला? डॉक्टर माझ्याशी बोलले, तुझ्याशी नाही." तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "पण त्याच्यासाठी दार उघडून देणारी मी होणार नाही. दुसरं कुणी उघडू दे. तू जा, तुझी घंटा वाजव."

मी गेलो. करणार काय?

मग रोमेडने स्वतःच विचारलं. मी तिथेच होतो, म्हणून सांगू शकतो. मेनाने जवाचं सूप केलं होतं, त्याने दोन चमचे घेऊन वाटी सरकवली आणि म्हणाला, "मेना, एक तुरा राहू दे ना."

"नाही."

"एकच."

"दुसरं काहीही माग रोमेड. मी या डोंगरावरून त्या डोंगरावर चालत जाऊन आणते. हे नको मागू."

"दुसरं काही नको मला," तो म्हणाला. चिडला नाही, रुसला नाही. खिडकीकडे कूस वळवली, एवढंच. मेना वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. त्या दिवशी मला ताक कुणी विचारलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा शिडी लागली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी सकाळची घंटा वाजवून खाली उतरतोय, तर मेना चर्चच्या दाराशी उभी, एप्रनला हात पुसत. ती एवढ्या सकाळी कामं टाकून कधी आलेली नव्हती.

"तो बरा आहे," ती म्हणाली. "तू चल. तुला एक दाखवायचंय."

तिने मला भट्टीशी नेलं आणि शिडीवर चढायला लावलं. "ते बघ. कडेचे."

ज्या गड्ड्यांचे तुरे तिने सुरुवातीला मोडून टाकले होते, ते काळे पडले होते. एकाला बोट लावलं तर आत पोकळ, ओल्या कागदासारखं बोटाला आलं. आजूबाजूला पिल्लं मात्र टवटवीत.

"कुजलेत," मी म्हणालो.

"दरवर्षी कुजतात. मला वाटायचं, मोडताना माझा हात जड पडतो. आईही तेच म्हणायच्या, हलक्या हाताने मोड गं, हलक्या हाताने. या वर्षी मी कात्रीने कापले, सुरीने कापले, नखाने खुडले. सगळे गेले." ती शिडीचा पाय धरून खाली उभी होती, वर बघत नव्हती. "ज्याला तुरा आला तो जातोच, कासियन. मोडा नाहीतर ठेवा. आम्ही बायका एवढी वर्षं शिडीवर चढतोय आणि तो जातोच. नुसता न फुलता जातो."

मी खाली उतरलो आणि शिडी उचलून भिंतीला लावली.

तोवर छपरावर एकच तुरा उरला होता, उशिरा आलेला, चिमणीच्या बाजूला, बोटभर उंचीचा. तो मेनाने राहू दिला. रोमेडला ती काही बोलली नाही. तिने फक्त पलंग थोडा फिरवला, चिमणीची बाजू दिसेल असा.

आता आमचं गाव म्हणजे काय सांगावं? दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. शेजारची ओटिलिया, जिची सकाळ दुसऱ्याच्या अंगणात उगवते, ती कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"मेना, तुझ्या भट्टीवर तुरा उभाय."

"हो."

"दिसत नाही का तुला?"

"दिसतो की."

"मग?"

"मग काय? दिसतो."

"अगं, घरात माणूस अंथरुणावर आणि तू—" ओटिलियाने छातीवर क्रूस काढला. "तुला होत नसेल तर मी चढते. माझे गुडघे अजून धड आहेत."

"ओटिलिया, त्या शिडीला हात लावशील तर गुडघे धड राहायचे नाहीत."

फादर नवे होते, तरुण होते. ते मुद्दाम घरी आले आणि मेनाचं कौतुक केलं, की तिने अंधश्रद्धेवर विजय मिळवला. मेनाने त्यांच्यापुढे पाव आणि खारवलेलं मांस ठेवलं आणि म्हणाली, "फादर, मी कुणावर विजय मिळवला नाही. मला अजून भीती वाटते. तुम्ही खाऊन घ्या." फादरांनी खाऊन घेतलं.

तुरा वाढला. वीतभर झाला, त्याहून वर गेला, टोकाला कळ्यांचा झुबका धरला. रोमेड सकाळी उठला की आधी तिकडे बघायचा. आणि कळ्या फुगल्या असतानाच एका दुपारी पश्चिमेच्या कड्यावर ढग आले, काळे नाहीत, पिवळट. पिवळट ढग म्हणजे गारा. मी धावत मनोऱ्यात चढलो आणि दोराला लोंबकळलो.

मनोऱ्याच्या खिडकीतून लेनरांचं अंगण सरळ दिसतं. पहिल्या गारा पडल्या तशी मेना घरातून बाहेर आली. तिच्या हातात दुधाची बादली होती. शिडी लावत बसली नाही, लाकडाच्या ढिगावरून चढली, भट्टीच्या छपरावर गुडघे टेकले, बादली तुऱ्यावर उपडी घातली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. वाऱ्याने ती उडाली असती, म्हणून. तिच्या डोक्यावर रुमालही नव्हता. अक्रोडाएवढ्या गारा तिच्या पाठीवर पडत होत्या आणि ती हलत नव्हती. मी अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोराने घंटा वाजवली. हातांची सालं निघाली. आयुष्यात पहिल्यांदा मी गावासाठी वाजवत नव्हतो.

गारा थांबल्यावर मी तिकडे पळालो. बाग गेली होती. लेट्यूसचा लगदा, बीटाच्या पानांची जाळी. मेना पायरीवर बसली होती, दंड काळेनिळे, केसांतून पाणी गळत होतं. मला बघितल्यावर म्हणाली, "घंटा वाजवत होतास ना? मग गारा कशा पडल्या?"

"आणि छपरावर घरमुळी होती ना? मग?"

"घरमुळी विजेसाठी असते. गारा तुझ्याकडे."

आम्ही दोघंही हसलो. आतून रोमेडचाही आवाज आला, तो खिडकीतून सगळं बघत होता. हसता हसता तो खोकला, आणि मेना उठून आत गेली.

तुरा जरा वाकला होता, एवढंच. आठवड्याने पहिली कळी उमलली. मी आणि मेनाने रोमेडला खुर्चीवर बसवून अंगणात आणलं. तो हलका झाला होता, मला खुर्चीचंच वजन जास्त वाटलं. मेनाने लाकडाच्या ओंडक्यावर खुर्ची अशी टेकवली की फूल त्याच्या डोळ्यांसमोर यावं.

फिकट गुलाबी होतं. अरुंद टोकदार पाकळ्यांचं, चांदणीसारखं, प्रत्येक पाकळीत एक गडद रेघ. नाण्याहून मोठं नाही.

"हेच ते?" रोमेड म्हणाला.

"हेच," मेना म्हणाली.

"केवढंसं! याच्यासाठी आईने कंबर मोडून घेतली?" आणि तो हसला. मग बघत राहिला. एक भुंगा आला, फुलावर बसला, त्याच्या वजनाने तुरा खाली झुकला आणि पुन्हा वर आला. "छान आहे गं," तो म्हणाला. "तू बस ना जरा." मेना दिवसा बसणारी बाई नव्हती. ती ओंडक्यावर त्याच्याशेजारी बसली.

रोज एखाददुसरी नवी कळी उमलायची. तो रोज बाहेर यायचा. आणि सगळं गाव काही ना काही निमित्त काढून यायचं. कुणाला मीठ हवं होतं, कुणाला करवत. ओटिलिया तर म्हणाली तिची कोंबडी हरवलीय. अंगणात यायचे, एक डोळा भट्टीवर ठेवून पोटभर बघायचे आणि मीठ न घेताच जायचे. या दरीत घरमुळीचं फूल पाहिलेलं कुणी नव्हतंच.

ऑगस्ट सरता सरता तुरा वाळला, गड्डा काळा पडला. आणि रोमेड होता. नुसता होता असं नाही, जरा बरं खात होता. एकदा दोन क्नोडेल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, खाल्ले, सूप संपवून. मेनाच्या डोळ्यांत मला काहीतरी वेगळं दिसायला लागलं आणि ते बघून मला भीती वाटली. तिने जाड लोकर काढली आणि त्याच्यासाठी हिवाळ्याचे मोजे विणायला घेतले. कुंपणाशी ओटिलियाला म्हणाली, "फुललं ना? सगळ्यांनी बघितलं ना? मग कोण मेलं?" ओटिलियाने पुन्हा क्रूस काढला. मी मेनाला काही बोललो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार? मलाही आशा वाटायला लागली होती.

सप्टेंबरात उर्बान गुरं घेऊन उतरला. घरात मरण झालं असेल तर आमच्याकडे गुरांना हार घालत नाहीत. त्या वर्षी गाई फुलांचे मुकुट घालून, मोठ्या घंटा वाजवत अंगणात आल्या. रोमेडने खिडकीतून प्रत्येकीचं नाव घेतलं.

बटाटे काढायच्या दिवसांत, एका दुपारी, तो गेला. मेना शेतात नव्हती, त्याच्याजवळच होती, दुसरा मोजा टाचेपर्यंत आला होता. उर्बान मला बोलवायला आला तेव्हा मी काही न विचारता मनोऱ्यात चढलो. जाणाऱ्याची घंटा लहान असते, तिला जोर लागत नाही. मला त्या दिवशी दोर ओढवेना.

दफन झाल्यावर सगळे लेनरांच्या घरी जेवायला बसले. गोमांसाचं सूप, पाव, वाईन. मेना टोकाला काळ्या कपड्यांत ताठ बसली होती आणि सगळ्यांना आग्रह करत होती. मग ओटिलिया, मनाने वाईट नाही पण जीभ आवरत नाही अशी, हलकेच म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं मेना. एक तुरा राहिला, आणि बघ."

मी खुर्ची मागे सारली. ओटिलियाला माझ्या आयुष्यात जे बोललो नव्हतो ते बोलणार होतो. पण मेनाने माझ्या बाहीवर हात ठेवला.

"हो," ती म्हणाली. "एकच राहिला."

तिने वाटीतला चमचा काढून बाजूला ठेवला. तिचा आवाज साधा होता, बाजारभाव सांगावा तसा.

"किती आले होते गं या वर्षी, ओटिलिया. रोज पहाटे एप्रन भरून मोडत होते मी. तो आत जागा होता, खिडकीशी. मी हात लावला नसता तर सगळं छप्पर फुललेलं दिसलं असतं त्याला."